खाऊचा खर्च आणि शिकवण्याचा खर्च
(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'व्हिएतनाममधले माझे अनुभव' आणि वेळ दिली होती वीस मिनिटं. त्यांना बहुधा तिथलं खाणं, तिथल्या स्कूटर आणि तिथला पाऊस अपेक्षित असावा. ते सगळं मी जेवताना सांगेन. इथे एकच गोष्ट बोलणार आहे : तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणावर तिथलं सरकार काय खर्च करतं आणि आपलं काय करतं. भुकेल्या माणसांना आकडे ऐकवू नयेत हे मला कळतं. पण आज संध्याकाळी आपल्याला बॅचच्या निधीचं काय करायचं ते ठरवायचं आहे आणि माझं म्हणणं त्या निर्णयाशी जोडलेलं आहे. म्हणून आत्ताच सहन करा.

आधी मी यात कशी पडले ते. मी सॉफ्टवेअरवाली. शिक्षणतज्ज्ञ नाही, अर्थतज्ज्ञ तर नाहीच. २०१७ ते २०१९ कंपनीने मला हो ची मिन्ह सिटीत एका बँकेच्या प्रणालीच्या कामावर पाठवलं होतं. आमच्या टीममध्ये निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना लहान मुलं होती. माझ्या शेजारी बसणारी टेस्टर सकाळी सातला मुलीला सरकारी बालशाळेत सोडायची आणि साडेचारच्या सुमारास तिचा नवरा किंवा सासू तिला घेऊन यायची. मधले नऊ तास मुलगी शाळेत. नाश्ता, खेळ, गाणी, जेवण, मग चटईवर ओळीने झोप, पुन्हा खेळ. तिथे या शाळेला 'माम नॉन' म्हणतात. अर्थ साधारण 'कोवळा कोंब'. माझ्या इमारतीच्या मागेच अशी एक शाळा होती. बाहेर चपलांची रांग आणि आत दोन शिक्षिका. दोन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कामाला गेलेल्या परदेशी बाईला दुसऱ्याचं अंगण नेहमीच जास्त हिरवं दिसतं. म्हणून मी ठरवलं की भारावून जायचं नाही, हिशेब काढायचा. दोन देशांचे आकडे शेजारी मांडायचे, भागाकार करायचा आणि विषय संपवायचा. रविवारच्या दुपारचं काम, असं मला वाटलं होतं.

पण ते रविवारी संपलं नाही. कारण दोन तक्त्यांचे रकानेच जुळेनात.

तिकडे माम नॉन हा शिक्षण मंत्रालयाचा विषय आहे. पहिलीच्या खालचा वर्ग म्हणजे शाळाच. शिक्षिकेचा पगार, इमारत, खेळणी, सगळं शिक्षणाच्या खर्चात मोजलं जातं. आपल्याकडे तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं सरकारी शिक्षण होतं अंगणवाडीत आणि अंगणवाडी येते महिला व बालविकास खात्याखाली. जगभरच्या देशांचे पूर्वप्राथमिक खर्चाचे आकडे एकत्र करणाऱ्या संस्था शिक्षण खात्याचा रकाना बघतात. त्यात भारताच्या नावापुढे फार थोडं दिसतं. मग कुणी म्हणतं, भारत लहान मुलांवर काहीच खर्च करत नाही. दुसरा म्हणतो, अहो, आमच्याकडे जगातली सर्वांत मोठी बालविकास योजना आहे. दोघंही आपापल्या रकान्यापुरते बरोबर.

तर मग तो दुसरा रकाना उघडून बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' यासाठी २१,९६० कोटी रुपये ठेवले होते. त्याच वर्षी शालेय शिक्षण विभागासाठी ७८,५७२ कोटी होते. म्हणजे रक्कम लहान नाही. पण ही रक्कम साधारण १० कोटी लाभार्थ्यांसाठी आहे : सहा महिन्यांच्या बाळापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत, गरोदर बायका, स्तनदा माता आणि काही जिल्ह्यांतल्या किशोरी. भागाकार केला तर डोई वर्षाला दोन-बावीसशे रुपये, म्हणजे दिवसाला सहा रुपये. त्यावर राज्यं आपला वाटा घालतात. बहुतेक राज्यांत सर्वसाधारण खर्चाला केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, आहाराला निम्मे-निम्मे.

आता मुख्य प्रश्न. या सहा रुपयांतले शिकवण्यासाठी किती?

हे अर्थसंकल्पात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिता येत नाही असं नाही, तसा रकानाच केलेला नाही. अंगणवाडीच्या सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. सहावी सेवा शेवटी आहे ती यादीतही आणि दिवसाच्या वेळापत्रकातही. आमच्या धंद्यात एक नियम आहे. एखाद्या फॉर्ममध्ये कोणती माहिती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते बघा, म्हणजे ती प्रणाली बांधणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. अंगणवाडीच्या रजिस्टरांत आणि २०२१ साली आलेल्या 'पोषण ट्रॅकर' या ॲपमध्ये कणा आहे तो वजनाचा, उंचीचा आणि आहाराचा. याला मी नावं ठेवत नाही. ज्या देशात एवढी मुलं कुपोषित होती त्या देशाने आधी ताट बघितलं, हे योग्यच केलं. पण पन्नास वर्षं आपण त्या खोलीला 'खिचडीची शाळा' म्हणत आलो ते उगाच नाही.

इथे थोडं थांबून आपल्या तालुक्याबद्दल बोलायला हवं. 'अंगणवाडी' हा शब्द दिल्लीत तयार झालेला नाही. तो आपल्या डहाणू तालुक्यातला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. त्यांनी बालवाडी काढली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथवर येईनात. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत होती, गुरं राखत होती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी सहलीला जाऊन ती टेकडी बघितली आहे आणि तिथे जाऊन फक्त चिकू खाल्ले आहेत. ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिने शब्द घेतला अंगणवाडीचा. पण ताराबाईंच्या अंगणात मुख्य माणूस होती ती शिकवणारी बाई. योजनेत येता येता तिचं रूप बदललं. ती सेविका झाली. तिच्या हाती वजनकाटा, रजिस्टरं, घरपोच आहाराची पाकिटं, लसीकरणाची यादी आणि उरलेल्या वेळात गाणी.

आणि कायद्यात? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या खालच्यांसाठी कलम ४५ मध्ये राज्य 'प्रयत्न करील' असं ठेवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढंच म्हटलं. 'करील' आणि 'करू शकेल' यांत जो फरक आहे, तोच अर्थसंकल्पात उतरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवला. २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आला. दिशा चांगली आहे. पण धोरण हा हक्क नसतो.

आता व्हिएतनाम. त्यांनी काय केलं? श्रीमंत देश नव्हता, अजूनही नाही. माणशी उत्पन्न आपल्या साधारण पावणेदोन पट. त्यांनी २०१० साली एक सरकारी निर्णय काढला की सगळ्या वयोगटांना एकदम पुरवता येणार नाही, तेव्हा आधी पाच वर्षांचं प्रत्येक मूल. पहिलीला बसण्याआधीचं एक वर्ष, प्रत्येकाला, आणि अर्धवेळ नव्हे, दोन्ही सत्रांचं. कारण सांगितलं तेही ऐकण्यासारखं आहे. तिथे ५४ वांशिक समूह आहेत आणि डोंगरातल्या मुलांची घरची भाषा व्हिएतनामी नसते. ती मुलं पहिलीत आल्यावर बाईंचं बोलणंच कळत नसे. आपल्या वर्गात पहिली-दुसरीत वारली बोलणारी जी मुलं मागच्या भिंतीला टेकून बसायची, ती तुम्हाला आठवतात का? चौथीच्या पुढे ती आपल्याबरोबर नव्हती. ती मंद होती असं आपण समजत होतो. त्यांना कुणी एक वर्ष आधी मराठी ऐकवलं नव्हतं, एवढंच.

२०१७ पर्यंत व्हिएतनामने पाच वर्षांच्या मुलांचं उद्दिष्ट देशभर गाठल्याचं जाहीर केलं. मग २०२५ च्या जूनमध्ये त्यांच्या राष्ट्रीय सभेने दोन ठराव केले : सरकारी शाळांतली फी बालशाळेपासून माफ आणि २०३० पर्यंत तीन ते पाच वर्षांचं प्रत्येक मूल शाळेत. म्हणजे पहिल्या पायरीनंतर दुसरी चढायला त्यांना पंधरा वर्षं लागली. मला यात विशेष वाटतं ते हे की, पैसे कमी होते तेव्हा त्यांनी वयोगट लहान केला, वर्गातली माणसं नाही.

ती माणसं म्हणजे त्या दोन शिक्षिका. तिथल्या नियमानुसार पाच वर्षांच्या वर्गात जास्तीत जास्त ३५ मुलं, चार वर्षांच्या ३०, तीन वर्षांच्या २५, आणि पूर्णवेळ वर्गाला दोनहून थोड्या जास्तच शिक्षिका धरल्या जातात. २०१९ च्या शिक्षण कायद्याने बालशाळेच्या शिक्षिकेला महाविद्यालयीन पदविका आवश्यक केली. ती सरकारी पगारश्रेणीत असते. खालच्या श्रेणीचा सुरुवातीचा गुणक २.१०. जुलै २०२४ पासून मूळ वेतन २३ लाख ४० हजार डोंग. गुणाकार केला की ४९ लाख १४ हजार. त्यावर सपाट भागात ३५ टक्के आणि डोंगराळ, दुर्गम भागात ५० टक्के व्यवसाय भत्ता. लाखांचे आकडे ऐकून दचकू नका, एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात. म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षिकेला महिना साधारण २२ हजार रुपये.

आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० केलं आणि मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०. महाराष्ट्र सरकार त्यात भर घालतं आणि सेविकेच्या हाती आज केंद्राच्या रकमेच्या दुपटीहून जास्त पडतं. हे मिळवायला त्या बायकांना किती वेळा आझाद मैदानात बसावं लागलं ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. तरी शब्द मानधनच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

आता माझा स्वयंपाकघरातला हिशेब. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी पायऱ्या तपासाव्यात. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची २५ मुलं धरू. राज्याची भर धरून सेविकेला महिना १० हजार धरू. वर्षाचे १ लाख २० हजार, भागिले २५, म्हणजे एका मुलामागे ४,८०० रुपये. पण तिच्या वेळेचा तिसरा हिस्सा शिकवण्यात जातो असं धरलं, आणि हे मी उदारपणे धरते आहे, तर १,६०० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला पाच रुपये आणि वर थोडे पैसे. आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला तो मुलामागे दिवसाला ८ रुपये. म्हणजे आठ रुपयांचा खाऊ आणि पाच रुपयांची बाई.

तिकडे : दोन शिक्षिका, प्रत्येकी २२ हजार, बारा महिने, भागिले ३५ मुलं. सुमारे १५ हजार. तिथलं माणशी उत्पन्न जास्त आहे म्हणून पावणेदोनने भागू, म्हणजे तुलना रास्त होईल. येतात साडेआठ हजार. आपल्या सेविकेचा सगळाच्या सगळा वेळ शिकवण्याच्या खात्यात टाकला तरी ४,८००. तिसरा हिस्सा टाकला तर १,६००. इमारत आणि खेळणी मी दोन्हीकडे सोडून दिली आहेत. म्हणजे सगळा फरक त्या खोलीतल्या मोठ्या माणसाचा आहे : ती एकटी आहे की दोघी, तिला किती कामं दिली आहेत आणि तिला शिक्षिका म्हणतात की नाही.

मी व्हिएतनामची जाहिरात करते आहे असं वाटायला नको. तिथल्या कायद्यात सरकारी खर्चाच्या किमान २० टक्के शिक्षणावर असं लिहिलेलं आहे, पण दरवर्षी ते पूर्ण होत नाही. फी माफ झाली तरी जेवणाचे आणि इतर पैसे पालक भरतात. शहरांत बाहेरून आलेल्या कामगारांच्या मुलांना सरकारी शाळेत जागा मिळणं अवघड, कारण आधी त्या वॉर्डात नोंद असलेल्यांचा नंबर. औद्योगिक वसाहतींभोवती घरगुती पाळणाघरं भरतात ती त्यामुळेच. २०२० च्या एका आदेशाने अशा कामगारांच्या मुलांना खासगी बालशाळेसाठी महिना १ लाख ६० हजार डोंग, म्हणजे आपले सव्वापाचशे रुपये, मिळू लागले. गरीब घरातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या जेवणासाठीही तेवढेच. मदत आहे, पण त्यात शाळेचा खर्च भागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांचं तर तिथे फार कमी भागतं.

आणि आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. सुमारे १४ लाख अंगणवाड्या. पाड्यापाड्यावर एक खोली, एक बाई, जिला गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव आणि प्रत्येक मुलाचं वजन ठाऊक आहे. हे उभं करायला पन्नास वर्षं लागली. ते मोडून बालशाळा बांधा असं मी म्हणत नाही. मी म्हणते, त्या खोलीत आणखी एक माणूस द्या.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० अंगणवाड्यांत याची रीतसर चाचणी घेतली. निम्म्या अंगणवाड्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं निवडून एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली. तिचं काम फक्त शिकवणं. बाकी सगळं जसंच्या तसं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांचं गणित आणि भाषा, दोन्ही सुधारलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : त्या केंद्रांत कुपोषणही कमी झालं. कारण जुन्या सेविकेला तिच्या आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. शिकवण्यावर घातलेला पैसा खाऊच्या बाजूलाही फळला. आमच्या धंद्यात इतका स्वच्छ निकाल फार क्वचित मिळतो. बहुतेक वेळा एक गोष्ट दुरुस्त केली की दुसरीकडे बिघडते.

म्हणून आता संध्याकाळच्या विषयावर येते.

आपल्या बॅचने चार लाख रुपये जमवले आहेत. समितीने दोन स्मार्ट बोर्ड आणि एका 'डिजिटल क्लासरूम'चं दरपत्रक आणलं आहे. मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे मी त्याच्या बाजूने बोलेन असं समितीतल्या काहींना वाटलं होतं. माझा विरोध शाळेला काही देण्याला नाही. पण माझा पोटापाण्याचा धंदा जो आहे त्याच्या बळावर सांगते : ज्या यंत्राची देखभाल करायला माणूस नेमलेला नाही ते यंत्र तिसऱ्या वर्षी कपाट होतं.

शाळेच्या मागच्या गल्लीत अंगणवाडी आहे. भाड्याच्या खोलीत भरते. तिच्या पटावर तीन ते सहा वर्षांची २७ मुलं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पाड्यावरची. हीच मुलं दोन-तीन वर्षांनी आपल्या शाळेच्या पहिलीत येणार. माझा प्रस्ताव असा : बारावी झालेली, शक्यतो वारली बोलता येणारी गावातलीच एक मुलगी अर्धवेळ नेमायची, काम फक्त शिकवणं. महिना ६,००० रुपये. तीन वर्षांचे होतात २ लाख १६ हजार. प्रशिक्षण आणि साहित्य यांना ५० हजार धरा. उरलेल्या पैशांत शाळेच्या ग्रंथालयाची गळणारी खिडकी आणि पुस्तकं दोन्ही होतात. अंगणवाडी दत्तक घेण्याची सोय शासनाने ठेवलेली आहे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागेल, आणि आपण सेविकाताईंच्या हाताखाली काम करायला माणूस देतो आहोत, त्यांच्यावर देखरेख करायला नाही, हे लेखी द्यावं लागेल. त्या ताई तेवीस वर्षं ते काम करताहेत. आपण त्यांना शिकवायला जायचं नाही.

यावर दोन आक्षेप कालच फोनवर ऐकले, त्यांना उत्तर देते. पहिला : हे सरकारचं काम आहे, आपण का करायचं? बरोबर आहे. स्मार्ट बोर्डसुद्धा सरकारचंच काम आहे, तो आक्षेप तेव्हा कुणाला सुचला नाही. पण मुद्दा खरा आहे, म्हणून प्रस्तावाचा दुसरा भाग असा की ही तीन वर्षं आपण गावाला मागणी करायला वापरायची. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे पेसाचा निधीही थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारता येतं. आपल्यातले अकरा जण अजून गावात राहतात. ग्रामसभेला त्यांतले किती जातात ते मी इथे विचारत नाही, वहिनी समोर बसल्या आहेत. चौथ्या वर्षी त्या मुलीचं मानधन पंचायतीच्या आराखड्यात यायला हवं. नाही आलं तर प्रयोग अर्धाच झाला असं मी समजेन.

दुसरा आक्षेप : बोर्डावर बॅचचं नाव लावता येतं, अर्धवेळ बाईवर कसं लावणार? याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांना नाव हवं आहे त्यांनी ग्रंथालयाच्या खिडकीवर लावावं, माझी हरकत नाही.

मोजमाप कसं करायचं तेही सांगते, नाहीतर मी इंजिनिअर कसली. पहिलीच्या बाईंनी मान्यता दिली आहे की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या प्रत्येक नव्या मुलाशी पाच मिनिटं मराठीत गप्पा मारतील आणि चार गोष्टी टिपतील : मूल नाव सांगतं का, दोन सूचना ओळीने ऐकून करतं का, दहापर्यंत वस्तू मोजतं का, चित्र बघून एखादं वाक्य बोलतं का. या जूनची नोंद म्हणजे सुरुवात. पुढच्या तीन जूनची त्याच्याशी तुलना. तक्ता मी ठेवीन. त्यात मुलांची नावं नसतील, फक्त आकडे असतील. ते दरवर्षी आपल्या ग्रुपवर टाकीन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

उद्या सोमवार. अंगणवाडी सकाळी साडेनऊला भरते. सेविकाताईंशी बोलून मी वेळ घेतली आहे, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय प्रस्ताव पक्का करायचा नाही. खोली लहान आहे, चौघा-पाचांपेक्षा जास्त जण मावणार नाहीत, तेव्हा यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मला नाव सांगा. आणि रिकाम्या हाताने या, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणू नका. त्या वेळी त्यांची खिचडी शिजत असते.